मनगट आणि अंगठा दुखत असताना चित्रकाराने काम चालू ठेवावे का?

तुम्ही पुस्तकांसाठी चित्रे काढून पोट भरता, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी तीन महिने कळ येते, डॉक्टरांनी सहा आठवडे हात बांधून ठेवायला सांगितले आहे, आणि तुमचे गुरुजी मात्र म्हणतात की दुखणे अंगावर काढले की हात पक्का होतो. दोघांपैकी कोणाचे ऐकावे आणि तोवर डावा हात तयार करावा का, असे तुम्ही विचारले आहे. गुरुजींचे ते वाक्य वाचले नसते तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो, कारण अगदी हेच वाक्य मी आमच्या घरात वीस वर्षे ऐकले आणि त्यावर विश्वास ठेवून उजवा हात जवळजवळ गमावला.

डिचोली तालुक्यात आमची पिढीजात गणपतीची चित्रशाळा, म्हणजे मूर्ती घडवण्याची जागा, आहे. गोव्यात अनेक घरे आपला पाट स्वतः शाळेत आणून देतात आणि त्याच पाटावर त्यांची मूर्ती घडते. त्यामुळे गिऱ्हाइकाशी नाते घराण्याचे असते आणि आलेला पाट परत पाठवणे आमच्याकडे जवळपास पाप समजले जाते. २०१९ साली आमच्याकडे १८० पाट होते आणि चवथ २ सप्टेंबरला होती. आषाढ-श्रावणाच्या पावसात चिकण माती लवकर सुकत नाही आणि मूर्ती पुरती सुकल्याशिवाय रंग लावता येत नाही, म्हणून घडणीचे काम दोन-अडीच महिने चालते आणि रंगकाम शेवटच्या तीन आठवड्यांत उरकावे लागते. माती मळताना अंगठ्याच्या मुळावर येणारा दाब, ओली मूर्ती पाटासकट उचलताना दोन्ही अंगठे फाकवून पेललेला भार, फवारणीच्या पिस्तुलाचा खटका आणि त्यावर शून्य नंबरचा ब्रश चिमटीत धरून केलेली आखणी, हे सगळे एकाच सांध्यावर येते.

जुलैपासूनच पहाटे अंगठा आखडलेला असे आणि बाटलीचे झाकण उघडत नसे. काकांच्या सांगण्यावरून मी तेल लावून मनगट रोज चोळून घेतले, त्याने सूज वाढली. मग एका डॉक्टरांनी मनगटाला हातही न लावता वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आणि मी त्या घेऊन दुप्पट काम केले. तुम्ही ही चूक करू नका. गोळीने कळ कळेनाशी होते आणि आतले घासणे तसेच चालू राहते.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री मी दीड फुटांच्या मूर्तीची आखणी करत होतो. वरच्या पापणीची रेघ सोंडेच्या बाजूने सुरू होते, बाहेर जाताना बारीक होत जाते आणि ती श्वास रोखून एकाच ओढीत घ्यावी लागते, कारण मध्ये हात थांबला की तिथे रंगाची गाठ दिसते. अर्ध्या रेघेवर अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ गेली, हात उडाला आणि काळी रेघ भुवईत जाऊन मिसळली. ओल्या कापसाने पुसायला गेलो तर खालचा अंगाचा रंगही सुटला. तेवढ्या जागेवर पुन्हा पांढरा देऊन, वाळवून, अंगाचा रंग जुळवून दुसऱ्यांदा रेघ घेतली, तीही गेली. तिसऱ्या वेळी ब्रश चिमटीतून गळून पाटावर पडला. माझी पुतणी तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि रोज संध्याकाळी करवंट्यांवर डोळे काढून सराव करत असे. मी तो ब्रश उचलून तिच्या हातात दिला.

समोर काका बसले होते. आमच्या शाळेत मूर्तीचे डोळे मुख्य कारागिरानेच काढायचे, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नियम, आणि तो मोडताना मी त्यांना विचारले नाही. ते काही न बोलता उठून गेले. त्या वर्षी ६४ मूर्तींचे डोळे पुतणीने काढले. मूर्ती न्यायच्या दिवशी दारात उभे राहून काकांनी तिने काढलेला प्रत्येक डोळा बोटाने दाखवून ओळखला आणि त्यात त्यांची एकही चूक झाली नाही. तिची पापणी माझ्यापेक्षा किंचित लांब जाते, हे मलाही मान्य आहे. पण एकाही घरातून तक्रार आली नाही. काकांच्या मते लोक भिडस्त आहेत म्हणून बोलले नाहीत.

चवथ झाल्यावर एका अस्थिरोगतज्ज्ञांनी मला अंगठा मुठीत मिटून मनगट करंगळीच्या दिशेने वाकवायला सांगितले. ती कळ मी विसरलेलो नाही. या दुखण्याला १८९५ साली त्याचे वर्णन करणाऱ्या डी क्वेरवेन या स्विस शल्यचिकित्सकाचे नाव आहे. अंगठ्याकडे जाणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटाच्या कडेला एका अरुंद आवरणातून जातात. ते आवरण जाड झाले की अंगठ्याच्या प्रत्येक हालचालीला कंडरा त्यात घासतात. तान्ह्या मुलाला सतत उचलणाऱ्या बाळंतिणींनाही हेच होते, हे कळल्यावर माझे लक्ष ब्रशवरून मूर्ती उचलण्याकडे गेले. सहा आठवडे अंगठ्यासह मनगट धरून ठेवणारा पट्टा आणि स्टिरॉइडचे एक इंजेक्शन एवढ्यावर माझे भागले, मात्र इंजेक्शनच्या जागी त्वचा बरेच दिवस पांढरट राहिली होती.

म्हणून डॉक्टरांचे ऐका आणि प्रकाशकांना आजच पत्र पाठवून मुदत वाढवून मागा. पट्टा सुटल्यावर पूर्वीच्याच पद्धतीने बसलात तर दुखणे परत येईल. आम्ही मातीचे काम आता वैशाखातच सुरू करतो, मूर्ती दोघे मिळून उचलतो, आखणीच्या वेळी मूर्ती फिरत्या चकतीवर ठेवतो म्हणजे मनगटाऐवजी चकती वळते, ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करतो आणि हात आधारकाठीवर टेकवतो. दर पंचवीस मिनिटांनी मी ब्रश खाली ठेवतो. आणि पाट १८० वरून ११० वर आणले. सगळ्यांत जास्त गुण याच उपायाने आला आणि घरात सगळ्यांत मोठे भांडणही यावरूनच झाले.

डाव्या हाताच्या भरवशावर राहू नका. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७१३ साली सतत लिहिणाऱ्या कारकुनांच्या दुखण्याबद्दल लिहिले, त्यात एकाचा उजवा हात निकामी झाल्यावर त्याने डावा तयार केला आणि तोही त्याच रोगाने धरला, अशी नोंद आहे. मी फवारणी डाव्या हाताने करतो, पण मोजूनमापूनच.

राहिले गुरुजींचे वाक्य. आमचे काका ५८व्या वर्षी थांबले आणि ते वयामुळे थांबले असे सांगतात. आज त्यांना सदऱ्याचे बटण लावता येत नाही, ते काकू लावते. त्या बोटांवर चाळीस हंगामांचा भार आहे, वयाचा भाग त्यात थोडाच, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे. त्यावर ते म्हणाले, “देवाचे काम आहे, त्यात हाताचा हिशेब करायचा नसतो.” मला हे पटत नाही. देवाचे काम असेल तर ते करणारा हात पुढच्या चवथीपर्यंत टिकवणे हाही त्या कामाचाच भाग आहे, आणि शिष्याला दुखणे लपवायला शिकवणारा गुरू कितीही मोठा असला तरी या एका बाबतीत चुकतो. तुमच्या गुरुजींना हे सांगताना आदर राखा, पण सांगा. माझ्याकडून तेव्हा आवाज चढला होता आणि काका अजून पुतणीच्या कामाबद्दल माझ्याशी बोलत नाहीत, तिच्याशी मात्र बोलतात.

दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगायला हव्या होत्या. तुमच्या अंगठ्यात, तर्जनीत आणि मधल्या बोटात मुंग्या येत असतील आणि रात्री हात बधिर होऊन झोपमोड होत असेल, तर ते मनगटात दबणाऱ्या मज्जातंतूचे दुखणे असू शकते. तिथे माझा अनुभव लागू पडणार नाही आणि उशीर केल्यास अंगठ्याचा स्नायू झिजतो. आणि मधुमेह असेल तर इंजेक्शनआधी डॉक्टरांना तसे सांगा, कारण नंतर काही दिवस रक्तातली साखर चढू शकते.