फोटोत दिसतंय तेच खाली लिहू नकोस

पत्र: मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावची, नोकरीला पुण्यात. पुण्यात आमची अहिराणी बोली तोंडातच गिळते आणि गावी आले की सगळे ‘शहरवाली’ म्हणतात. मी नेमकी कोण, हे फोटो आणि लिखाणातून शोधू पाहते आहे. पण फोटोखालचा मजकूर शाळेतल्या निबंधासारखा होतो, स्वतःचे फोटो खोटे वाटतात आणि आई म्हणते, “मना फोटू नको काढू.” काय करू?

उत्तर: दोन्ही घरी पाहुणी ठरणं फार टोचतं. पण ‘मी कोण’ हा प्रश्न डोक्यात घेऊन कॅमेरा उचललास की तू पोझ देणारच. त्यापेक्षा एकच जागा धर, उदाहरणार्थ तुमचा घरापुढचा ओटा, आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीत तिथलेच बारा फोटो काढ. वैशाखातलं ऊन दुपारी पांढरं फटक पडतं, चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. म्हणून सकाळी आठच्या आत काढ, नाहीतर घरात, दाराच्या उजेडात.

स्वतःचा फोटो हात लांब करून घेऊ नकोस. इतक्या जवळून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. मोबाईल दीड-दोन मीटरवर टेकव, मागचा कॅमेरा वापर, दहा सेकंदांचा टायमर लाव. दाराकडे एक बाजू करून बस आणि हाताला काम दे: शेंगा फोड, सांजोऱ्या लाट. हात कामात असले की चेहरा आपोआप सैल पडतो.

आता लिखाण. मजकूर निबंध होतो, कारण फोटोत दिसतं तेच तू शब्दांत पुन्हा सांगतेस. चार बाय सहाचे प्रिंट काढ. वहीच्या डाव्या पानावर फोटो चिकटव. उजव्या पानावर दहा मिनिटं पेन न थांबवता फक्त चौकटीबाहेरचं लिही: फोटो काढताना मागे कोण उभं होतं, कोण काय बोललं, कसला वास होता, कोण यायचं राहिलं. ‘आठवण’, ‘मुळं’, ‘माती’ हे शब्द बंद. दोन दिवसांनी वाच आणि साठ-ऐंशी शब्द ठेव. मग मजकुरांची अदलाबदल करून बघ. एखादा मजकूर दुसऱ्याच फोटोशेजारी जास्त बोलू लागला, तर तिथेच राहू दे. फोटो आणि शब्द एकमेकांशी पुरते जुळत नाहीत, तिथेच तुला तू सापडण्याची शक्यता जास्त.

जे वाक्य अहिराणीत कानावर आलं ते अहिराणीतच लिही. “काय करी ऱ्हायनी?”चं प्रमाण मराठीत रूपांतर केलंस की विचारणारी बाईच पानावरून निघून जाते. पुण्याच्या पानांवर मात्र ओढूनताणून अहिराणी आणू नकोस. दोन बोल्या एका वहीत सुखाने नांदतात.

जुना अल्बम हाताशी असेल तर चिकटलेले फोटो उपसू नकोस, वरचा थर सोलून निघतो. पान सपाट ठेव, फ्लॅश बंद कर, मोबाईल वरून समांतर धर.

आईचं ‘नको’ म्हणजे नकोच, झोपेतही काढायचा नाही. तिचं डावं पान कोरं सोड आणि उजवीकडे तो न काढलेला फोटो लिही: ती कुठे बसली होती, काय बोलत नकार दिला. तेही आधी तिला वाचून दाखव आणि तिने होकार दिला तरच वही दुसऱ्या कुणाला दे. वाचताना ती एखादा शब्द दुरुस्त करेल. तुझा शब्द खोडू नकोस, तिचा त्याच्या वर लिही.