मुलगा माझा, पण अवलंबित कोणाचा?

सप्रेम नमस्कार.

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. कंपनी आपल्याला एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत पाठवत आहे, सोबत पत्नी आणि सतरा वर्षांची मुलगी येणार आहे आणि मुलगी तिथेच पदवीचे शिक्षण घेणार आहे. कोविडच्या काळात तिथल्या सरकारने पैसे वाटले होते. तशी वेळ पुन्हा आली तर महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला ते मिळतील का, आणि कर विवरणपत्रात तिला ‘अवलंबित’ दाखवल्याने आपला फायदा होईल की तिचे नुकसान, असे आपण विचारले आहे. याचे उत्तर खरे तर चार ओळींत देता येईल. परंतु या एका शब्दावरून आमच्या घरात जे झाले ते अजून माझ्या मनातून गेलेले नाही, त्यामुळे पत्र लांबले तर सांभाळून घ्यावे. व्हिसाचे शुल्क, मुलाखत, कागदपत्रांची यादी हे सगळे सरकारी संकेतस्थळांवर आहे. त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

आम्ही २००९ च्या जूनमध्ये साताऱ्याहून ओहायो राज्यात आलो, तेव्हा मुलगा आठव्या वर्षात होता. मुलगी २०१२ मध्ये इथेच जन्मली, म्हणून ती जन्माने अमेरिकन नागरिक. एका घरात चार माणसे आणि तीन प्रकारचे कागद, अशी आमची स्थिती. २०२० च्या मार्चमध्ये महाविद्यालय बंद झाले आणि पहिल्या वर्षाला असलेला मुलगा दोन बॅगा आणि एक राइस कुकर घेऊन घरी परतला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला मदतीचा कायदा झाला : प्रत्येक प्रौढाला १,२०० डॉलर आणि सतरा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे पालकांना ५०० डॉलर. जोडप्याचे उत्पन्न दीड लाख डॉलरच्या वर गेले की रक्कम कमी होत जाई. आमचे उत्पन्न त्याच्या बरेच खाली होते.

आता मुद्द्याकडे येतो. करकायद्यात मूल साधारणपणे एकोणीस वर्षांचे होईपर्यंत अवलंबित धरले जाते; पण ते वर्षातले किमान पाच महिने पूर्णवेळ विद्यार्थी असेल आणि स्वतःचा निम्म्याहून अधिक खर्च स्वतः भागवत नसेल, तर ही मर्यादा चोवीस वर्षांपर्यंत जाते. वसतिगृहात राहणारे मूलही या हिशेबात घरीच राहते असे मानतात. म्हणजे अठरा वर्षांचा विद्यार्थी पालकांचा अवलंबित म्हणून स्वतः १,२०० डॉलरना अपात्र, आणि सतरा ओलांडल्यामुळे पालकांना मिळणाऱ्या ५०० डॉलरनाही अपात्र. ही फट परदेशी कुटुंबांसाठी मुद्दाम ठेवलेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांची मुलेही त्यातच अडकली. त्यांच्यापैकी एकाने शक्कल लढवली की आपण मुलीला अवलंबित दाखवायचेच नाही, म्हणजे तिला तिचे पैसे मिळतील. ते चालत नाही. तुम्ही तिला दाखवले की नाही हे कायदा विचारत नाही, तुम्हाला दाखवता येत होते का, हे विचारतो. विवरणपत्रावरच्या चौकटीतले शब्दही तसेच आहेत. ज्यांनी २०२० मध्येच पदवी घेऊन नोकरी धरली आणि त्या वर्षापुरते कोणाचेही अवलंबित उरले नाहीत, त्यांना मात्र २०२० च्या विवरणपत्रातून ती रक्कम मागता आली. आपल्या मुलीबाबत असा प्रसंग आला तर त्या वर्षाची स्थिती पाहावी, आदल्या वर्षाची नव्हे.

आमची दुसरी अडचण सोशल सिक्युरिटी क्रमांकाची, म्हणजे नागरिकांना आणि कामाची परवानगी असलेल्यांना मिळणाऱ्या सरकारी क्रमांकाची होती. तो मला आणि मुलीला होता. पत्नी आणि मुलगा एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर असल्याने त्यांच्याकडे फक्त करासाठी दिलेला आयटीआयएन हा क्रमांक होता. पहिल्या कायद्यात असे होते की पती-पत्नी एकत्र विवरणपत्र भरत असतील आणि एकाकडे तो क्रमांक नसेल, तर, लष्करातली कुटुंबे सोडता, दोघांनाही काही नाही आणि नागरिक असलेल्या मुलामागचेही काही नाही. डिसेंबर २०२० च्या, दुसऱ्या वाटपाच्या कायद्याने हे मागील तारखेपासून दुरुस्त केले, तेव्हा माझे आणि मुलीचे पैसे विवरणपत्रातून मिळाले. मार्च २०२१ च्या तिसऱ्या कायद्यात प्रत्येकी १,४०० डॉलर होते आणि पहिल्यांदाच वयाची अट काढून महाविद्यालयीन अवलंबितांनाही धरले होते. त्याच वर्षी पत्नीला काम करण्याची परवानगी आणि त्यापाठोपाठ क्रमांक मिळाला, त्यामुळे तिची रक्कमही पुढच्या विवरणपत्रातून आली. मुलाला क्रमांक नव्हता. ज्याचे महाविद्यालय बंद पडले, ज्याची शिकवणी स्वयंपाकघराच्या टेबलावर चालली, तो एकटाच तिन्ही वेळा वगळला गेला आणि नऊ वर्षांच्या त्याच्या बहिणीला सगळे मिळाले. मुलीच्या रकमेतून मी मुलाच्या सत्राचे शुल्क भरले आणि हे दोघांनाही सांगितले नाही. ते बरोबर केले की नाही, हे अजून ठरवता आलेले नाही.

महाविद्यालयांना विद्यार्थ्यांना वाटण्यासाठी वेगळा निधीही मिळाला होता. पहिल्या वेळी शिक्षण खात्याने तो केंद्रीय शैक्षणिक साहाय्याला पात्र असणाऱ्यांपुरताच ठेवला, आणि एच-४ वरचा मुलगा त्यात बसत नव्हता. मे २०२१ मध्ये नियम बदलून तो परदेशी विद्यार्थ्यांसह सर्वांना खुला झाला. तोवर मुलाला शुल्क-कार्यालयातून इतक्या वेळा परत पाठवले होते की त्याने अर्जच केला नाही. खिडकीमागच्या बाई दर वेळी नम्रपणे विचारत, “तू नक्की कोणत्या वर्गातला?” सुरुवातीची एक-दोन वर्षे सोडली तर सगळे शिक्षण इथे झालेल्या मुलाला हा प्रश्न सत्रागणिक विचारला गेला, हे मला आजही सहन होत नाही.

सरकारी पैसे घेतल्याने पुढे ग्रीन कार्ड अडेल, ही भीती आपल्या लोकांत तेव्हा फार होती. ती रक्कम कराच्या सवलतीचा आगाऊ हप्ता होती. तिची काळजी करू नये. उलट एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या अनेकांनी चुकीचा फॉर्म भरल्यामुळे पात्र नसताना त्यांच्याकडे धनादेश आले, आणि मागे ‘व्हॉइड’ लिहून ते परत पाठवावे लागले.

हा एफ-१ आपल्याकडेही येणार आहे, म्हणून पुढचे नीट वाचावे. एच-४ वरचे मूल एकविसाव्या वाढदिवशी त्या व्हिसातून बाहेर पडते. आमचा मुलगा २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पडला आणि एफ-१ झाला. एफ-१ विद्यार्थ्याचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस कराच्या निवासी-अनिवासी हिशेबात मोजत नाहीत, त्यामुळे २०२३ मध्ये तो वर्षभर या घरात जेवून-झोपूनही कराच्या दृष्टीने अनिवासी ठरला. आणि भारतीय नागरिक असलेले अनिवासी मूल आईवडिलांना अवलंबित दाखवता येत नाही. मला हे ठाऊक नव्हते. नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये मी त्याचे नाव घातले, ५०० डॉलरची सवलत घेतली आणि चार महिन्यांनी सुधारित विवरणपत्र भरून व्याजासह परत केली. गंमत म्हणजे एफ-१ झाल्यावर त्याला विद्यापीठात काम मिळाले आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकही मिळाला, पण तोवर तिन्ही वाटप संपले होते. शैक्षणिक साहाय्याच्या अर्जातला ‘अवलंबित’ आणखी निराळा असतो : त्यात करातले नाव पाहत नाहीत, वय, लग्न, पदव्युत्तर शिक्षण असे निकष पाहतात. व्हिसातला, करातला आणि साहाय्यातला, असे हे तीन वेगवेगळे शब्द आहेत असेच समजून चालावे.

आयटीआयएनसाठी मूळ पासपोर्ट टपालाने पाठवू नयेत. जवळच्या कर-कार्यालयात वेळ घेऊन जावे किंवा अधिकृत मध्यस्थाकडून पडताळणी करून घ्यावी. पासपोर्ट हातात परत मिळतो. २०१८ मध्ये नूतनीकरणासाठी आम्ही पत्नीचा आणि मुलाचा पासपोर्ट टेक्सासमधल्या ऑस्टिनला पाठवला होता. तो सात आठवड्यांनी आला, आणि मधल्या काळात आई गेली. मी एकटा साताऱ्याला जाऊन आलो. एकटेपणाबद्दलही आपण विचारले आहे. त्याची सवय होते, त्यावर अधिक लिहीत नाही.

२०२४ मध्ये मुलाने पहिल्यांदा स्वतःचे अनिवासी विवरणपत्र भरले. त्याला जोडून एक पान असते, त्यात विचारतात की वर्षभरात करासाठी तुम्ही कोणत्या देशाचे निवासी होता. तो पेन धरून थांबला आणि म्हणाला, “बाबा, इथे काय लिहू?” मी म्हटले, भारत. त्याने लिहिले आणि कागद उलटून पुढचा रकाना भरू लागला.

आपल्या मुलीचा एकविसावा वाढदिवस कोणत्या महिन्यात येतो ते कळवावे. वर्षाच्या सुरुवातीला येतो की शेवटी, यावर त्या वर्षीचे दिवस कसे मोजले जातील ते ठरते. ते मी मांडून देईन.