इंग्रजीतले विचित्र वाक्प्रचार आले कुठून? छपरावरून पडणाऱ्या कुत्र्यामांजरांची गोष्ट खरी आहे का?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. एक, धो धो पावसासाठी वापरला जाणारा ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ हा वाक्प्रचार खरंच इंग्लंडमधल्या गवती छपरांवरून आला का? म्हणजे कुत्री-मांजरं उबेसाठी छपरात झोपायची आणि पाऊस आला की घसरून खाली पडायची, ही गोष्ट. आणि दुसरी, ‘किक द बकेट’सारखे इतर वाक्प्रचार कुठून आले?

छपराची गोष्ट बनावट आहे. १९९९ साली ‘सोळाव्या शतकातलं जीवन’ अशा धर्तीचा एक ईमेल जगभर फिरला, त्यात ती होती. पुढे ती व्हॉट्सअॅपवर आली. मावळात किंवा कोकणात नीट शाकारलेलं घर ज्यांनी पाहिलंय, त्यांना यातली गोम लगेच कळेल. चांगल्या शाकारणीत पाणी मुरत नाही, वरच्या वर ओघळून जातं. आत शिरलेलं मांजर कोरडंच राहणार. आणि वर बसलेलं मांजर चार थेंब पडले की स्वतःच उतरून आडोसा गाठणार.

छापील पुरावा काय सांगतो? १६५३ साली छापलेल्या रिचर्ड ब्रोमच्या एका नाटकात कुत्री आणि पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यांचा पाऊस पडण्याची भाषा आहे. जोनाथन स्विफ्टने १७१० साली लंडनच्या पावसावर कविता लिहिली. तिच्यात गटारांतून वाहत येणारी बुडालेली पिल्लं आणि मेलेली मांजरं आहेत. पण वाक्प्रचार त्याआधीपासून रुळत होता, म्हणून या कवितेला उगम म्हणता येत नाही. आज आपण म्हणतो तसं रूप स्विफ्टच्याच १७३८च्या पुस्तकात भेटतं. याचा सर्वमान्य उगम आजवर कोणी दाखवू शकलेलं नाही, आणि कोशकार तसं सरळ लिहितात. मला हा प्रामाणिकपणा कुठल्याही रंगवलेल्या किस्स्यापेक्षा मोलाचा वाटतो.

ज्यांचा उगम पक्का सापडतो, त्यांतले कितीतरी शिडाच्या जहाजांवरचे आहेत. ‘थ्री शीट्स टू द विंड’ म्हणजे दारू पिऊन झिंगलेला. इथे ‘शीट’ म्हटलं की डोळ्यांपुढे चादर किंवा शीड येतं, पण खलाशांच्या बोलीत शीट म्हणजे दोर. शिडाचा खालचा कोपरा ज्या दोराने आवळून धरलेला असतो, तो. हा दोर सुटला की शिडात वारा भरत नाही, ते नुसतं फडफडत राहतं. असे तीन दोर सुटले तर जहाजाचा तोल जातो, ते झोकांड्या खात चालतं. १८२१ सालच्या लंडनच्या जीवनावरच्या एका पुस्तकात हा प्रयोग दारुड्याच्या अर्थाने छापलेला आहे. दोराचा अर्थ कळला की वेगळं पाठ करावं लागत नाही.

‘टेकन अबॅक’ तसंच. आज त्याचा अर्थ अवाक होणं, चपापणं. जहाजावर ते चांगलंच धोक्याचं होतं. वारा एकाएकी समोरून आला की शिडं मागे डोलकाठीवर दाबली जात, चालतं जहाज जागीच अडे, कधी मागे सरकू लागे. जोराचा वारा असेल तर डोलकाठी मोडायची भीती. ‘बाय अँड लार्ज’ आपण ‘एकंदरीत’ म्हणून वापरतो. त्यातलं ‘बाय’ म्हणजे वाऱ्याच्या शक्य तितकं तोंडाशी धरून जाणं, ‘लार्ज’ म्हणजे वारा पाठीशी घेऊन जाणं. दोन्ही परींनी नीट चालणारं जहाज ते एकंदरीत चांगलं. १६६९ सालच्या दर्यावर्दींच्या मार्गदर्शक पुस्तकात हे शब्द खलाशी अर्थानेच येतात.

आता मुंबईशी जोडलेली एक गोष्ट, कारण ती आपल्याकडे फार ऐकू येते. ‘पॉश’ हा शब्द म्हणे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं. इंग्लंडहून मुंबईला येताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची केबिन उन्हापासून जरा वाचायची. श्रीमंत प्रवासी ती जादा पैसे देऊन घ्यायचे, आणि पी अँड ओ कंपनी तिकिटावर तसा शिक्का मारायची. सावलीचं गणित बरोबर आहे, म्हणूनच गोष्ट पटते. पण असा शिक्का असलेलं एकही तिकीट सापडलेलं नाही, कंपनीच्या दप्तरातही त्याची नोंद नाही. त्यातून आद्याक्षरं जोडून शब्द म्हणून उच्चारायची सवय इंग्रजीत मुख्यतः विसाव्या शतकातली. एखाद्या जुन्या शब्दाचा उगम आद्याक्षरांत सांगितला की मी तरी आधी संशयच घेते.

खऱ्या माणसाच्या नावावरून आलेल्यांत माझा आवडता ‘हॉब्सन्स चॉइस’. थॉमस हॉब्सन केंब्रिजमध्ये मालवाहतूक करायचा आणि घोडे भाड्याने द्यायचा. त्याच्या तबेल्यात चाळीसेक घोडे असत. विद्यार्थी नेहमी तेच दोन-चार तेज घोडे मागत आणि ते बिचारे थकून जात. म्हणून त्याने नियम केला : दाराशी जो घोडा उभा असेल तोच न्यायचा, नाहीतर चालत जायचं. परतलेला घोडा रांगेच्या शेवटी. सगळ्यांना सारखं काम, सारखी विश्रांती. १६३१ साली तो वारला तेव्हा मिल्टनने त्याच्यावर कविता केल्या. वरकरणी निवड, पण प्रत्यक्षात एकच पर्याय, हा त्याचा अर्थ. दोन वाईट पर्यायांतल्या पेचासाठी तो वापरू नका, ती चूक आजकाल वर्तमानपत्रांतही दिसते.

राहिला ‘किक द बकेट’, म्हणजे मरणं. फ्रान्सिस ग्रोसने १७८५ साली लंडनच्या रस्त्यावरच्या बोलीचा कोश छापला, त्यात तो आहे. बादलीवर उभं राहून फास घेतल्याची गोष्ट सांगतात, पण अभ्यासकांचा कल दुसरीकडे आहे. इंग्लंडच्या नॉरफोक भागात ‘बकेट’ म्हणजे कापलेलं डुक्कर मागच्या पायांनी ज्याला टांगत ती आडवी तुळई. जीव जाताना जनावर तिच्यावर पाय झाडायचं. ग्रोसचा कोश इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतो. पुढच्या वेळी असा किस्सा आला की आधी त्यात शोधून बघा.