देवगडहून गुलमर्गला स्कीइंग शिकायला चाललेल्या मुलीसाठी हेल्मेट कोणतं घ्यावं? रेसिंगचं आणि साधं एकच चालेल का?

आधी सरळ उत्तर देतो. आत्ता साधं, मऊ कानांचं, म्हणजे कानांवर मऊ गाद्या असलेलं, स्कीचं हेल्मेट घ्या. रेसिंगचं नको. आणि भावाचं बुलेटवरचं हेल्मेट घरातच राहू दे.

तुम्ही लिहिलंय की मुलगी सोळा वर्षांची आहे, जानेवारीत कोर्सला जातेय, पुढे रेसिंग करायचं म्हणते, आणि घरात आयएसआय मार्कचं चांगलं हेल्मेट पडून असताना नवीन कशाला, असं तिच्या आजोबांचं म्हणणं आहे. मी गुहागरचा, हिवाळ्यात गुलमर्गला ग्रुप घेऊन जाण्याचं काम करतो. आजोबांचा हा प्रश्न मला दर वर्षी कुणाचे तरी आजोबा विचारतातच.

दुचाकीचं हेल्मेट आयएस ४१५१ या मानकाचं असतं. रस्त्यावरच्या अपघातासाठी ते उत्तमच, पण वजन किलोच्या वर. स्कीचं हेल्मेट साधारण अर्धा किलो. बर्फात माणूस पडतो तो गडगडत, वळत पडतो, आणि डोक्यावरचा प्रत्येक जास्तीचा ग्रॅम मानेला ओढतो. शिवाय थंडीत श्वासाने काच धुरकटते, स्कीचा गॉगल त्यात बसत नाही आणि कान पूर्ण बंद होतात. स्कीइंगमध्ये वरून येणाऱ्याने खालच्याला चुकवायचं असा नियम आहे, पण नियमावर विसंबून कोण राहतं? मागून ओरडलेलं ऐकू यायला हवं, आणि शिकताना इन्स्ट्रक्टरचं तर हवंच हवं.

आता स्टिकर. हेल्मेटच्या आत ‘ईएन १०७७’ हे स्की हेल्मेटचं युरोपियन मानक लिहिलेलं असलं पाहिजे. एका आकड्याचा फरक असलेलं ईएन १०७८ हे सायकल आणि स्केटिंगचं मानक आहे. ऑनलाइन दुकानांत ‘मल्टिस्पोर्ट’ नावाखाली हीच हेल्मेटं स्कीच्या फोटोसकट विकायला असतात, तेव्हा फोटो बघू नका, आकडा बघा. फरक नुसता कागदावरचा नाही. १०७७ मध्ये टोकदार वस्तू आत घुसते का याचीही चाचणी असते, १०७८ मध्ये ती नाही. उतारावर खडकाचा कोपरा असतो, दुसऱ्याच्या पोलचं, म्हणजे स्कीच्या काठीचं, टोक असतं.

१०७७ मध्ये दोन वर्ग आहेत. क्लास ए मध्ये कडक कवच कानांवरूनही खाली येतं आणि टोकाची चाचणी दुप्पट उंचीवरून होते. क्लास बी मध्ये कानांवर मऊ गाद्या, हवा खेळती, ऐकू नीट येतं. हौसेने स्कीइंग करणारी बहुतेक मंडळी बी वापरतात आणि त्यात कमीपणा काही नाही. अमेरिकन मानक एएसटीएम एफ २०४० वेगळं, पुष्कळ हेल्मेटांवर दोन्हींचे उल्लेख सापडतात.

रेसिंगचा मामला इथून पुढे सुरू होतो. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने, म्हणजे एफआयएसने, २०१३-१४ च्या मोसमापासून जायंट स्लॅलम, सुपर-जी आणि डाउनहिल या वेगाच्या शर्यतींसाठी स्वतःची जास्त कडक अट लावली. अशा हेल्मेटच्या मागच्या बाजूला ‘एफआयएस आरएच २०१३’ असं लेबल असतं आणि कान कडक कवचातच लागतात. स्लॅलम या चौथ्या शर्यतीत मात्र मऊ कान चालतात. तिथे वळणं आखूड, वेग कमी, पण गेटचे, म्हणजे वळणावळणावर रोवलेले, दांडे तोंडावर येतात म्हणून हनुवटीपुढे गार्ड बसवतात.

तुमच्या मुलीच्या वाट्याला बहुधा स्लॅलम आणि जायंट स्लॅलम हे दोनच प्रकार येतील. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांतही ते असतात. काश्मीरचा स्कीपटू आरिफ खान २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला तोही याच दोन्हींत.

अट कडक म्हणजे किती, हे नीट समजून घ्या. ईएन १०७७ मध्ये हेल्मेट दीड मीटरवरून टाकतात, म्हणजे आदळताना वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर, ताशी १९-२० किलोमीटर. एफआयएसच्या चाचणीत तो सेकंदाला ६.८ मीटर, ताशी साधारण २४-२५. हे वाचून पालक हादरतात, कारण जायंट स्लॅलमवाले ताशी साठ-सत्तरने सहज जातात. पण उतारावर पडताना डोकं त्या वेगाने घसरत असतं. जमिनीत सरळ घुसणारा वेग त्याच्यापेक्षा पुष्कळ कमी असतो, साधारण उंचीवरून पडल्याइतका. झाड किंवा खडक समोर आला तर हे गणित मोडतं. २०१३ च्या डिसेंबरात फ्रान्समधल्या मेरिबेलला फॉर्म्युला वनवाल्या मायकेल शूमाकरच्या डोक्यावर हेल्मेट होतं, तरी खडकावर आपटल्यावर जे व्हायचं ते झालंच. उलट २००९ मध्ये अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडात नवशिक्यांच्या सोप्या उतारावर हेल्मेटशिवाय पडली आणि दोन दिवसांत गेली. ‘ती तर अजून शिकतेय, सोप्या उतारावरच असेल’ हे कारण म्हणूनच मी ऐकून घेत नाही.

मग जास्त कडक चाचणीचंच आत्ता का घेऊ नये? पहिले दिवस स्की लावून उतार पायी चढण्यातच जातात. गुलमर्गला ऊन असलं की त्यात घाम निथळतो, आणि आपली कोकणातली पोरं तर जरा चढलं की भिजतात. रेसिंगचं हेल्मेट जाड, हवेची भोकं कमी, कान बंद. पोरगी दुपारी ते काढून हातात धरते, आणि हातातल्या हेल्मेटचा काय उपयोग? वर किंमतही भारी. कोच एखाद्या दिवशी जायंट स्लॅलमला नाव घालील तेव्हा ते घ्या. एकच घ्यायचा हट्ट असेल तर आरएच २०१३ वालं हौशी स्कीइंगला चालतं, मऊ कानांचं मात्र जायंट स्लॅलमला चालत नाही. सुवर्णमध्य हवा असेल तर मऊ कानांचं, पण हनुवटीचा गार्ड बसवायची सोय असलेलं मॉडेल बघा. त्यावर स्लॅलमचा सराव भागतो.

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे माप. शिंप्याची टेप भुवयांच्या जरा वरून आणि मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा, सेंटिमीटर लिहून ठेवा आणि त्या कंपनीच्याच तक्त्याशी ताडून बघा. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतो तसं हेल्मेट घ्यायचं नसतं. पट्टा न लावता डोकं हलवलं तर कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. नुसतं हेल्मेटच हललं तर मोठं आहे. मागची चक्री पिळून सैल हेल्मेट घट्ट करता येतं, बरोबर नाही करता येत. आत लोकरीची टोपी नको, फार तर पातळ बालाक्लाव्हा, म्हणजे डोकं-मान झाकणारी कानटोपी. अंबाडा चालणार नाही, मानेपाशी सैल वेणी घालायला सांगा. गॉगल आधीच असेल तर दोन्ही एकत्र घालून बघा, मध्ये कपाळाची पट्टी उघडी राहता कामा नये. देवगडला बसून हे ऑनलाइनच मागवावं लागणार, म्हणून परत घेण्याची मुदत वाचूनच ऑर्डर करा.

मिप्स म्हणजे आतला सरकता पातळ थर, स्वीडनमधून आलेला. तिरकस आपटल्यावर डोक्याला बसणारा पीळ कमी करणं हे त्याचं काम. दोन-तीन हजार जास्त पडत असतील तर मी घेईन, पण सैल मिप्सपेक्षा घट्ट बसणारं साधं बरं.

जुनं, वापरलेलं घेऊ नका. आतलं भरण बहुतेक वेळा ईपीएस असतं, म्हणजे बंदरावर मासळी बर्फात भरतात त्या पेट्यांचंच थर्माकोल, फक्त जास्त दाट. बोटाने दाबलेली पेटी परत फुगत नाही, तसं हेही एकदा चेपलं की संपलं, आणि ते बाहेरून दिसत नाही. ईपीपी नावाचा दुसरा फोम परत फुगतो, काही रेसिंग हेल्मेटांत तो असतो. गुलमर्गला भाड्याने घेतलंत तर अस्तर उचकटून आत तडा बघा.

आपल्याकडची खरी अडचण मात्र पुढे, पावसाळ्यात येते. माळ्यावर टाकलंत तर गणपतीपर्यंत अस्तराला बुरशी आणि बकलाच्या रिव्हेटला गंज. कोर्सहून आल्यावर अस्तर काढून साध्या साबणाने धुवा, सावलीत खडखडीत वाळवा आणि कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात ठेवू नका. पेट्रोल, थिनर, रंग यांच्या जवळही नको, कवच आणि थर्माकोल दोन्ही त्याने खराब होतात. तिच्या नावाचं स्टिकर लावायचंय असं लिहिलंय, तर कंपनीने चालेल म्हटलं असेल तरच लावा.

कॅमेऱ्याचं विचारलंय. सरावात लावायचाच तर छातीच्या पट्ट्यावर लावा. एफआयएसच्या स्पर्धेत हेल्मेटवर कॅमेरा चालत नाही, आणि नवशिक्या पोरांचं अर्धं लक्ष त्यातच असतं.