टेप घेऊन या, मग बोलू

(सूचना नेहमीचीच: पत्रांतली पार्षदांची (म्हणजे नगरसेवकांची), ठेकेदारांची आणि कार्यालयांची नावं मी गाळते. उत्तर कागदावर मिळतं, नावावर नाही.)

प्रश्न : ताई, नमस्कार. मागच्या दिवाळीआधी आमच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवले. नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाले. होळीच्या सुमाराला ड्रेनेजवाले आले आणि अर्धी गल्ली उखडून गेले. पाइप टाकून ब्लॉक परत बसवले, पण असे की दूधवाल्याची मोटरसायकल दोन दिवसांआड घसरते. आता गल्लीच्या तोंडाशी पाटी लागली आहे : पेव्हर ब्लॉक कार्य, लागत ६ लाख ४० हजार. आमचे हे म्हणतात, शहर स्वच्छतेत सलग इतकी वर्षं पहिलं आलंय, तू कशाला दवंडी पिटतेस? मुलगा पुण्याहून म्हणतो, आई, सोड ना. मला सोडवत नाही. १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तक्रार बंद. घर माझ्या नावावर आहे, संपत्तिकर मी भरते. जाब कुणाला विचारू?
– स. कु., इंदूर

उत्तर : जाब नंतर. आधी सांगा, गल्ली मोजलीत का?

नाही ना? मग ६ लाख ४० हजार जास्त की कमी, हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. हातात माप नसताना साहेबांसमोर गेलात तर ते चहा पाजतील, 'दिखवाते हैं' म्हणतील आणि तुम्ही घरी याल. एकतीस वर्षं लोकल फंड ऑडिटमध्ये, म्हणजे नगरपालिकांसारख्या संस्थांचे हिशेब तपासण्यात काढली मी. त्या टेबलाच्या त्या बाजूला रागावलेला माणूस आला की सगळे निवांत असतात, कारण राग अर्ध्या तासात उतरतो. टेप घेऊन आलेल्या माणसाला मात्र खुर्ची मिळते.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. अंदाजपत्रक होतं, त्याला मंजुरी मिळते, टेंडर निघतं, ठेकेदाराला कार्यादेश मिळतो. सरकारी दरसूची असते, तिला आपण एसओआर म्हणतो. ठेकेदार त्या दरापेक्षा इतके टक्के खाली किंवा वर अशी बोली लावतो. पुष्कळदा बोली इतकी खाली जाते की ऐकणाऱ्याला वाटतं, वा, निगमचे (महापालिकेचे) पैसे वाचले. मला उलट तिथेच धडकी भरायची. एवढ्या खालच्या दरात काम परवडत नसेल तर तो माणूस फरक कुठून भरून काढणार? खडीतून, सिमेंटमधून, नाहीतर मापातून.

आणि माप लिहिलं जातं एमबीत. मेजरमेंट बुक, हिंदीत माप पुस्तिका. उपयंत्री, म्हणजे कामावरचा इंजिनिअर, जागेवर जाऊन लांबी, रुंदी, जाडी मोजतो आणि तिच्यात लिहितो. वरचा अधिकारी ते तपासतो, मग त्या आकड्यांवरून बिल बनतं. पैसा सुटतो तो या वहीवरून. भाषण, नारळ, पाटी यांचा बिलाशी काही संबंध नाही. म्हणून शहरातला सगळ्यात महत्त्वाचा कागद कोणता असं मला कुणी विचारलं तर मी बजेटचं नाव घेत नाही, एमबीचं घेते. बजेट छापलेलं असतं, कुणालाही मिळतं, त्यातून तुमच्या गल्लीचं काही कळत नाही.

एका लहान गावच्या नगर परिषदेत मी ऑडिटला गेले होते. गाव सांगत नाही. नाल्याची भिंत मोजायची होती. तिथल्या बाबूने मोठ्या अदबीने टेप पुढे केली. धरली तर पहिला एक फूट तुटलेला. म्हणजे टेप शून्याऐवजी एकावर सुरू होत होती! किती वर्षं त्या टेपने त्या गावात कामं मोजली असतील, देव जाणे. तेव्हापासून स्वतःची तीस मीटरची टेप पिशवीत ठेवते, अजूनही आहे. त्याच गावच्या एमबीत एका सिमेंट रस्त्याचं माप जागेवर घेतल्याची तारीख होती, ती मी पंचांग उघडून पाहिली. रंगपंचमी. माळव्यात रंगपंचमीला कुणी उपयंत्री रस्ता मोजतो? त्या दिवशी गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, रंग अंगावर न घेता घरी पोचलात तरी पुष्कळ. मी फक्त एवढंच लिहिलं : 'मापाची तारीख स्पष्ट करावी.' त्यावरून बाकीचं आपोआप उलगडलं.

आता तुमची गल्ली. पेव्हर ब्लॉक साधारण ६० किंवा ८० मिलिमीटर जाडीचे येतात. उखडलेला एखादा ब्लॉक कुठल्या तरी भिंतीशी पडलेला असेलच. नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि जाडी मोजा. शेजारणीला टेपचं दुसरं टोक धरायला लावून गल्लीची लांबी मोजा, रुंदी तीन ठिकाणी घ्या. तारीख घालून वहीत लिहा, दोघींच्या सह्या करा. एवढं झालं की मग माहिती अधिकाराचा अर्ज.

अर्जात प्रश्न विचारायचे नाहीत. 'काम निकृष्ट का झालं?' असं लिहिलंत तर उत्तर येईल की हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही, आणि ते चुकीचं नसेल. कागद मागा : पेव्हरच्या कामाचा कार्यादेश, बाबनिहाय अंदाजपत्रक, एमबीच्या संबंधित पानांच्या प्रती, अंतिम बिल. कारण सांगावं लागत नाही, अर्जाची फी १० रुपये. आणि हे फार लोकांना माहीत नसतं : २००५ च्या कायद्यात चालू किंवा झालेल्या कामाची पाहणी करायचा आणि सामानाचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क दिला आहे. तो ब्लॉक तुम्ही रीतसर मागू शकता.

पण तुमच्या पत्रातली मेख वेगळीच आहे. ड्रेनेजच्या ठेक्यात बहुधा 'रस्ता पूर्ववत करणे' अशी एक बाब असते. खोदलं त्यानेच परत बसवायचं, त्याचे पैसे त्याच्या बिलात. आता पाहा, दिवाळीआधीचा पेव्हरवाला म्हणणार, माझं काम चोख होतं, ड्रेनेजने बिघडवलं, माझी दुरुस्तीची हमी संपली. ड्रेनेजवाला म्हणणार, मी होतं तसंच बसवलं. आणि पाटी लागली ती खोदकामानंतर. म्हणजे ही पाटी पहिल्या कामाची, की परत बसवल्याचं निराळं बिल निघालं? एकाच ब्लॉकचे दोनदा पैसे गेले असतील किंवा नसतीलही. म्हणून ड्रेनेजच्या कामाची एमबीसुद्धा त्याच दिवशी, वेगळ्या अर्जाने मागा आणि दोन्ही शेजारी ठेवा. पेव्हरचं काम करण्याआधी ड्रेनेजची लाइन मंजूर होती का, ती तारीख पाहा. मंजूर असेल तर ती चोरी नसली तरी उधळपट्टी आहे, आणि माझ्या मते उधळपट्टीचा हिशेब चोरीइतकाच कडक घ्यायला हवा. चोराला निदान लाज वाटते. उधळणारा वर्षभराने त्याच खड्ड्याचं भूमिपूजन करतो.

१८१ सोडू नका. पुढच्या वेळी खात्री करायला फोन येईल तेव्हा स्पष्ट म्हणा, 'मैं संतुष्ट नहीं हूँ.' तक्रार वरच्या पायरीवर जाते. फोन यजमानांनी उचलू नये, ते 'हाँ हाँ, ठीक है' म्हणतात, माझ्या घरीही हेच होतं.

आणि यजमानांना सांगा, स्वच्छतेचं बक्षीस देणारे तुमच्या गल्लीची एमबी उघडत नाहीत. पहिलं आलं त्याचा अभिमान मलाही आहे, पहाटे कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते तेव्हा मीही पिशवी घेऊन धावते. अहिल्याबाईंचं नाव घेताना आपण अगदी गहिवरतो ना? त्यांनी देशभरचे घाट आणि देवळं बांधली ती खासगीच्या पैशातून, दौलतीचं, म्हणजे राज्याचं, खातं वेगळं होतं. या शहरात हिशेब वेगळे ठेवण्याची परंपरा तीनशे वर्षांची आहे असं म्हणा, गप्प बसतील.

प्रश्न : ताई, मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या वस्तीतल्या बागेच्या कामाची कागदपत्रं माहिती अधिकारात मागितली. अडतीस दिवसांनी एक ओळ आली : 'नस्ती उपलब्ध नहीं है.' मित्र म्हणतात, संपलं. खरंच संपलं का?
– एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : बाळा, आत्ता कुठे सुरू झालंय.

नस्ती म्हणजे फाइल. फाइल हरवली ही कायद्यात माहिती नाकारण्याची सबब नाही. कलम ८ आणि ९ मध्ये नाकारण्याची कारणं दिली आहेत, त्यांत 'सापडत नाही' कुठेही लिहिलेलं नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली हे स्पष्ट सांगितलंय : एकेकाळी कार्यालयात असलेली माहिती आता मिळत नसेल तर नीट शोध घ्या, हरवल्याची जबाबदारी ठरवा. शिवाय तुझ्या कार्यालयाने उत्तराची तीस दिवसांची मुदत ओलांडली आहे. आता प्रती फुकट द्याव्या लागतील.

पहिलं अपील तीस दिवसांत टाक, मध्य प्रदेशात त्याची फी ५० रुपये. अपिलात तीनच गोष्टी माग. नस्ती शेवटची कुणाच्या ताब्यात होती याची नोंद, म्हणजे आवक-जावक रजिस्टरचं पान. ती हरवल्याबद्दल काय कारवाई केली. आणि मूळ फाइल नसेल तर तिच्या सावल्या. मी असंच म्हणायची, 'सावल्या'. एक फाइल गेली तरी तिची सावली दहा ठिकाणी उरते : टेंडर पोर्टलवर, कॅशबुकात, बँकेच्या पेमेंटमध्ये, संपरीक्षेच्या (ऑडिटच्या) आक्षेपात, ठेकेदाराच्या जीएसटी कापल्याच्या नोंदीत. तू बी.कॉम. करतोस, जर्नल गेलं तर लेजरवरून काय काय काढता येतं हे तुला मी शिकवायला नको.

अपिलावर तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय यायला हवा. नाही आला किंवा पटला नाही, तर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. उशीर किंवा खोटी माहिती सिद्ध झाली तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड होतो, आणि तो लोक सूचना अधिकाऱ्याच्या, म्हणजे माहिती देणाऱ्या अधिकाऱ्याच्या, स्वतःच्या खिशातून जातो. सरकारच्या तिजोरीतून नाही. कायद्यातलं हे एकच वाक्य मी त्या बाजूला असताना अधिकाऱ्यांना घाबरवताना पाहिलंय.

फाइल हरवणं म्हणजे काय हे तुझ्याच शहराने पाहिलंय. २०२४ च्या एप्रिलमध्ये इंदूर नगर निगममध्ये न झालेल्या ड्रेनेज कामांची सुमारे २८ कोटींची खोटी बिलं लावल्याचा आरोप झाला, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, अटका झाल्या, पुढे रकमेचा आकडा वाढत गेला. तेव्हाही फायली अभियंत्याच्या गाडीतून चोरीला गेल्याची चर्चा होती. खटल्याचं काय व्हायचं ते न्यायालय पाहील. मला त्यातली एक गोष्ट मात्र रोज आठवते : जी गटारं बांधलीच नाहीत त्यांचीही मापं कुठल्यातरी वहीत कुणीतरी बारीक अक्षरात लिहिली असणार. कुणी एक जण टेप घेऊन त्या गल्लीत गेला असता तर?

कागद हाती आल्यावर गडबड दिसली तर मगच लोकायुक्त किंवा ईओडब्ल्यू, म्हणजे आर्थिक गुन्हे शाखा. लोकायुक्ताकडे शपथपत्र द्यावं लागतं, ऐकीव गोष्टींवर देऊ नकोस. आणि परीक्षा आधी दे. सेकंड अपील आयोगात पडून राहतं, तुझी डिग्री पडून राहिलेली मला चालणार नाही.

प्रश्न : आम्ही सहा ज्येष्ठ नागरिकांनी मंगळवारच्या जनसुनवाईत (तक्रारींच्या जाहीर सुनावणीत) अर्ज दिला की वॉर्डाच्या कामांत गैरव्यवहार आहे, सबब पार्षदांचा राजीनामा घ्यावा. खिडकीवरची मुलगी अर्ज वाचून म्हणाली, 'अंकलजी, राजीनामा हो गया तो शिकायत क्यों?' आम्ही बुचकळ्यात पडलो.
– सहा जण, इंदूर

उत्तर : काका, मी हसत हसत लिहिते आहे, रागावू नका. इथल्या कचेरीच्या हिंदीत राजीनामा म्हणजे दोन पक्षांची तडजोड. कोर्टात भांडण मिटलं की 'राजीनामा हो गया' म्हणतात. तुम्ही पार्षदांशी तडजोड झाल्याचं लेखी देऊन आलात! तुम्हाला हवा आहे तो 'इस्तीफा'.

तोही तसा मिळायचा नाही. नगरपालिकेच्या अध्यक्षाला परत बोलावण्याची सोय आपल्या राज्यात आहे, 'खाली कुर्सी, भरी कुर्सी' (रिकामी खुर्ची की भरलेली) म्हणून जिचं मतदान होतं ती. पण तिची सुरुवात तीन चतुर्थांश पार्षदांच्या मागणीने होते, मतदारांच्या सहीने नाही. पार्षदाला मधेच खाली उतरवायला तुमच्या हातात काही नाही. तेव्हा अर्ज नव्याने लिहा : एकच काम, त्याचं ठिकाण, तुम्ही स्वतः घेतलेलं माप, आणि 'जाँच कराई जाए'. माहिती अधिकाराचा अर्ज मराठीत चालणार नाही, हिंदी किंवा इंग्रजीच हवा. तिथे आपल्या 'माहिती'ला 'सूचना' म्हणतात. 'कृपया सूचना द्यावी' असं मराठीच्या अंगाने मनात वाचू नका, सल्ला मागताय असं वाटेल.

पुढच्या मंगळवारी जाल तेव्हा दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सहाही जण एकदम जाऊ नका, गर्दीत उभं राहवत नाही. दोघं जा, पाण्याची बाटली न्या.