एफडी मोडू नका, बूट मात्र नवे घ्या

नेरुळच्या ताईंना नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी नववीत आहे, शाळेच्या फुटबॉल संघात डाव्या विंगला खेळते. ऑक्टोबर 2022 मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची फायनल बघायला तिला बाबाच घेऊन गेले होते. आता तेच म्हणताहेत, बॉल बंद, अकरावी सायन्सच्या तयारीचा क्लास सुरू. त्यात एका एजंटाने स्पेनमधल्या ट्रायलसाठी साडेचार लाख मागितलेत. एफडी मोडू का, असं तुम्ही विचारता.

मुळीच नको. अठरा वर्षांखालच्या खेळाडूला परदेशातल्या क्लबकडे नोंदवायला फिफाचे, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचे नियम, मोजके अपवाद सोडले तर, परवानगीच देत नाहीत. पोरगी तिथे कितीही भारी खेळली तरी क्लबला तिला घेता येणार नाही. साडेचार लाखांत फोटो आणि जर्सी तेवढी हाती येईल.

आपल्या मुली परदेशात कशा गेल्या, ते बघा. बाला देवी 2020 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडे गेली तेव्हा तिशीला टेकली होती, भारताची कर्णधार राहिलेली होती आणि मणिपूर पोलिसातली नोकरी हाताशी होती. मनीषा कल्याण आधी आपल्याकडच्या गोकुलम केरळ क्लबकडून खेळली, मग 2022 मध्ये सायप्रसच्या अपोलॉनकडे. गोलकीपर अदिती चौहान तर इंग्लंडला गेली ती लफबरो विद्यापीठात स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला. तिथे असताना 2015 मध्ये वेस्ट हॅम क्लबकडून खेळली. हे वाक्य बाबांना जरा मोठ्याने वाचून दाखवा.

आता पैशाचं. इंडियन विमेन्स लीग, म्हणजे आपल्याकडची महिला क्लबांची राष्ट्रीय स्पर्धा, 2016-17 मध्ये सुरू झाली. 2023 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने ठरवलं की लीगमधल्या क्लबने किमान दहा भारतीय मुलींशी वर्षाला निदान 3.2 लाखांचा करार करायचा. महिन्याचे झाले सव्वीस-सत्तावीस हजार. नेरुळमध्ये राहून त्यात काय भागतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. शिवाय तिथवर पोचणाऱ्या मुली मोजक्या, आणि एक गुडघा गेला की सीझन गेला. म्हणून बऱ्याच जणी रेल्वे किंवा पोलिसात स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी धरतात आणि खेळतात. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण ते मिळतं कागदपत्रं चोख असली तरच. माझ्याकडे ठाण्याची एक मुलगी आली होती, राष्ट्रीय स्पर्धा खेळलेली. प्रमाणपत्रावर नावाचं स्पेलिंग एक, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं. त्या एका अक्षरापायी आठ महिने चपला झिजवल्या तिने. तुमच्या लेकीच्या प्रमाणपत्रांची फाइल आजच करा.

ती खरंच चांगली आहे का, हे शाळेच्या सरांना विचारू नका. त्यांची ती लाडकीच असणार. अनोळखी माणसं तिला निवडतात का, ते बघायचं. शालेय स्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी चढतात, शाळांच्या देशपातळीवरच्या सुब्रोतो कपमध्येही सतरा वर्षांखालील मुलींचा गट आहे. राज्य संघाची निवड महाराष्ट्राची फुटबॉल संघटना, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, करते. बारावीपर्यंत राज्याच्या शिबिरात नाव आलं, तर पुढे जायला हरकत नाही. नाही आलं तर कॉलेजसाठी खेळू दे आणि कोचिंगच्या डी लायसन्सचा, म्हणजे कोच होण्याच्या सुरुवातीच्या परवान्याचा, विचार करा. रेफरी होण्याकडे आपल्याकडे कोणी बघत नाही, याचं मला नवल वाटतं. गोव्याच्या उवेना फर्नांडिस 2016 मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक रेफरी होत्या.

सायन्स की कॉमर्स, हा प्रश्न तिच्या गणिताचा आहे, फुटबॉलचा नाही. कॉलेज निवडताना मात्र जिमखान्यात जाऊन विचारा की मुलींचा संघ गेल्या वर्षी कुठली स्पर्धा खेळला. ‘आहे ना, आहे’ एवढंच उत्तर आलं तर संघ नाही असं समजा.

पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय, ती चहा-खारी खाऊन मैदानावर जाते आणि बूट दादाचे जुने आहेत, पुढे कापूस कोंबलेले. सगळ्या पत्रात मला हेच जास्त टोचलं. गुडघ्यातला लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असतं. त्यात सैल बुटात पाय सरकतो. फिफाचा ‘11+’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे, तो सरांना करून घ्यायला सांगा. खारीऐवजी केळं आणि शेंगदाण्याचा लाडू द्या, एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. आणि खेळायचे जाड मोजे सोबत न्यायला विसरू नका.