स्वयंचलित महामार्गावर मालट्रक आणि बस

प्रश्न : पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर उद्या मोटारी चालकाविना, परस्परांशी संपर्क राखत धावू लागल्या, तर त्याच मार्गिकेत मालट्रक आणि एसटीच्या बस सामावतील का? आमचा मालवाहतुकीचा व्यवसाय असल्याने विचारतो. – एक वाचक, निगडी, पुणे

उत्तर : मार्गिका एक असू शकेल, ताफा मात्र एक असू नये. ऑगस्ट 1997 मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगोजवळ आठ स्वयंचलित मोटारी अवघे साडेसहा मीटर अंतर राखून धावल्या, पण त्या आठही एकाच नमुन्याच्या होत्या. तेथे आलेल्या बस आणि मालट्रक त्या ताफ्यात नव्हते. ताशी 80 किलोमीटर वेगाची मोटार कोरड्या रस्त्यावर साधारण 33 मीटरमध्ये थांबते. भरलेल्या मालट्रकला सुमारे 50 मीटर लागतात, शिवाय एअर ब्रेकचा दाब चाकांपर्यंत पोहोचण्यात अर्धा सेकंद गेला, तर तेवढ्यात तो आणखी 11 मीटर पुढे जातो. संगणक कितीही चपळ असला तरी हा फरक बुजत नाही.

खरी अडचण खंडाळ्याच्या घाटात येईल. पाच टक्के चढावर 49 टनांचे वाहन ताशी 60 किलोमीटरने न्यायचे, तर नुसते वजन वर चढवण्यासाठीच सुमारे 540 अश्वशक्ती लागते आणि आपल्याकडील बहुतेक मालट्रकांची इंजिने त्याच्या जवळपासही नसतात. त्यामुळे चढावर त्यांना स्वतंत्र मार्गिका देण्यावाचून गत्यंतर नाही. (उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवण्याची खोड तेवढी स्वयंचलनाने सुटेल.) त्या मार्गिकेतही प्रत्येक ट्रक काटेकोरपणे एकाच रेषेत धावला, तर डांबरात लवकर चाकोऱ्या पडतील, कारण रस्त्याची हानी आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, म्हणून ट्रकांना मुद्दाम थोडे डावीउजवीकडे सरकवत न्यावे लागेल.

आमच्या मते पहिला मान बसला मिळावा. ती तीनेक मोटारींची जागा घेऊन चाळीसेक माणसे नेते, तिचा मार्ग ठरलेला असतो आणि तिचे ब्रेक आगारात नियमित तपासता येतात.

आपल्यापुरते सांगायचे तर, केवळ डिझेलच्या बचतीच्या आशेने या तंत्रात पैसे गुंतवू नयेत. दाट ताफ्यातील ट्रकांना वाऱ्याचा विरोध कमी होतो हे खरे, परंतु डाइमलर कंपनीने चाचण्यांतील बचत अपेक्षेपेक्षा कमी आढळल्याने 2019 मध्ये हा प्रयोग बाजूला ठेवला, आणि आपल्या मार्गावर तर घाटात ताफा सैल करावाच लागेल.